चोपड्याचं एक घर, दोन मेंबरशिप आणि दिवाळीचे चार दिवस

२०२५ च्या एप्रिलमध्ये माझे एक जुने पक्षकार दोन फाइली घेऊन ऑफिसात आले. मी जळगावात करसल्लागार आहे आणि त्यांचं व वहिनींचं रिटर्न बरीच वर्षं मीच भरतो. दोन्ही फाइली हॉलिडे मेंबरशिपच्या होत्या, म्हणजे ज्याला आपण टाइमशेअर म्हणतो त्याच्या: एकदा मोठी रक्कम भरायची आणि ठरलेली वर्षं दर वर्षी काही रात्री रिसॉर्टमध्ये राहायचं. एक स्वस्तातली, दुसरी भारीतली. त्यांचा प्रश्न सरळ होता: यातली कोणती घेऊ?

त्यांच्या परवानगीनं हे प्रकरण लिहितो आहे. घर आणि कंपन्या ओळखू येतील असं काही ठेवलेलं नाही, आकडे थोडे पूर्ण करून घेतले आहेत. खान्देशात अशा फाइली आता तालुक्यापर्यंत पोचल्या आहेत, आणि त्या वाचायची आपली पद्धत चुकते आहे असं मला वाटतं. रिसॉर्ट किती तारांकित, तलाव किती मोठा हे आपण आधी बघतो. आधी बघायला हवं ते हे की आपल्या घराला वर्षातून नेमकं कधी बाहेर पडता येतं आणि त्या तारखा त्या पैशांत मिळतात का.

घर

माणसं पाच. भाऊ, म्हणजे माझे पक्षकार, चव्वेचाळीस वर्षांचे, चोपडा तालुक्यात सहा एकर केळी आणि गावात कृषी सेवा केंद्र. वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. मुलगा नववीत, मुलगी पाचवीत. भाऊंच्या आई सत्तरीच्या, गुडघ्यांनी त्रस्त. पैशाची फार ओढाताण नाही, पण शेतीचा पैसा माल कापला की येतो. दर महिन्याला ठरलेला आकडा घरात आणतो तो वहिनींचा पगारच.

जळगावातल्या एका प्रदर्शनात त्यांनी कुपन भरलं होतं. आठवड्यानं फोन आला: लकी ड्रॉ लागला, दोन रात्रींचा मुक्काम फुकट, फक्त नवरा-बायकोनं जोडीनं येऊन बक्षीस न्यायचं. हायवेवरच्या हॉटेलच्या हॉलमध्ये दोन तास सादरीकरण झालं. शेवटी सांगितलं गेलं की हा भाव आजच्यापुरता. जोडीनं बोलवतात ते याचसाठी, की ‘घरी विचारून सांगतो’ म्हणायला जागा राहू नये. वहिनींनी तरीही सही करू दिली नाही. फाइल घरी नेऊन वाचायला दिली तरच बोलू, असं त्यांनी सांगितलं. प्रतिनिधीनं आढेवेढे घेतले, पण फाइल दिली. ही झाली भारीतली. मग भाऊंनी चौकशी सुरू केली तेव्हा ओळखीच्या एजंटानं स्वस्तातली आणून दिली.

दोन फाइलींत काय होतं

स्वस्त योजना १,१०,००० रुपयांची, दहा वर्षांची. दर वर्षी सहा रात्री, स्टुडिओ खोली, वार्षिक देखभाल शुल्क ६,५०० रुपये, तेही ज्या वर्षी वापराल त्याच वर्षी. कंपनीचं स्वतःचं रिसॉर्ट एकही नाही, सगळी ‘टाय-अप’ हॉटेलं, म्हणजे करार केलेली दुसऱ्यांची. हंगाम निळा.

भारी योजना ५,५०,००० रुपयांची, पंचवीस वर्षांची. दर वर्षी सात रात्री, एक बेडरूमचं अपार्टमेंट, वार्षिक शुल्क २२,००० रुपये, वापरा अगर न वापरा. रिसॉर्टं बहुतेक कंपनीच्या मालकीची किंवा दीर्घ भाडेपट्ट्याची. हंगाम लाल.

रंगांचा अर्थ भाऊंना कुणी समजावला नव्हता. या धंद्यात वर्षाचे आठवडे गर्दीप्रमाणे रंगांत वाटलेले असतात. आपल्याकडच्या मोठ्या कंपन्यांत साधारण जांभळा सगळ्यात वरचा, मग लाल, पांढरा आणि निळा. वरच्या रंगाच्या माणसाला खालच्या आठवड्यांत जाता येतं, खालच्याला वर चढता येत नाही. निळा म्हणजे जेव्हा कुणी जात नाही तेव्हाचे आठवडे, मुख्यतः भर पावसाळ्यातले.

ही पद्धत मूळची युरोपातली. १९६० च्या दशकात आल्प्समध्ये महागडी सुट्टीची घरं आठवड्यांत वाटून विकायला सुरुवात झाली. भारतात स्टर्लिंग हॉलिडे १९८६ मध्ये उभी राहिली आणि महिंद्राचा क्लब १९९६ पासून चालू आहे. धंदा म्हणून तो खोटा नाही, ज्यांना जमला त्यांनी पिढीभर वापरला आहे. पण एक गोष्ट इथल्या शेतकऱ्याला स्वच्छ सांगावी लागते: भारतात विकली जाणारी बहुतेक मेंबरशिप हा वापराचा हक्क असतो. कुठल्या उताऱ्यावर नाव लागत नाही, तो तारण ठेवून बँक कर्ज देत नाही. सादरीकरणात मात्र ‘तुमचं स्वतःचं हॉलिडे होम’ हे शब्द पुन्हा पुन्हा आले होते आणि भाऊंच्या डोक्यात तो व्यवहार प्लॉट घेतल्यासारखा बसला होता.

मी कॅल्क्युलेटर काढण्याआधी कॅलेंडर काढलं

बारा महिने एकेक करून आम्ही तिघांनी तपासले. यात बराच वेळ गेला, आणि सगळ्या प्रकरणात हाच वेळ सत्कारणी लागला.

सादरीकरणात सगळा भर मे महिन्यावर होता. भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिशीच्या वर जातो तेव्हा थंड हवेच्या फोटोला कोण नाही म्हणेल? मुलांना सुट्टी, वहिनींना सुट्टी. पण मेच्या तोंडाशी अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, असते. भाऊंच्या दोन बहिणी माहेरी येतात, आणि खान्देशात अखाजीला आलेल्या लेकीबाळी घरात असताना दार लावून फिरायला जाणारं घर मला तरी ठाऊक नाही. त्या गेल्या की केळीची कापणी जोरात. मेअखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला वादळवाऱ्याची धास्ती, उभी बाग एका संध्याकाळी आडवी झालेली भाऊंनी पाहिली आहे. त्यातच कापसाच्या बियाण्यासाठी दुकानावर रांग सुरू होते. भाऊंना मे महिन्यात एक रात्रही बाहेर काढता येत नाही.

जून ते सप्टेंबर दुकानाचा हंगाम: बियाणं, खत, फवारणी. मृगबागेची, म्हणजे पावसाळी केळीची, लागवडही याच दिवसांत. निळ्या हंगामाचे आठवडे नेमके इथे पडतात.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात इंग्रजी शाळांना नाताळची सुट्टी असते, वहिनींच्या जिल्हा परिषद शाळेला नसते. जानेवारी ते मार्च परीक्षांचे. उरली दिवाळी. लक्ष्मीपूजनाला दुकान सोडता येत नाही, भाऊबीजेला बहिणी. भाऊबीज झाली की शाळा उघडेपर्यंत साधारण आठवडा उरतो. कांदेबागेची (ही केळीचीच दुसऱ्या हंगामातली बाग) लागवड तेव्हा चालू असते, पण ती धाकट्या भावावर आणि सालदारावर चार-पाच दिवस सोपवता येते.

म्हणजे वर्षातून एकच खिडकी, आणि ती सगळ्या महाराष्ट्राची व गुजरातचीही खिडकी. दिवाळीनंतरचा आठवडा दोन्ही पत्रकांत सर्वात वरच्या रंगात होता. भाऊंना दाखवलेल्या लाल हंगामात तो बसत नव्हता! साडेपाच लाख भरूनही दिवाळीच्या आठवड्यासाठी ‘शिल्लक असल्यास, जादा रक्कम भरून’ असा नियम होता, आणि तो छोट्या अक्षरांत सातव्या पानावर होता. ती जादा रक्कम किती, हे त्यात नव्हतं.

स्वस्त फाइल इथेच मिटली. निळ्या हंगामातला एकही आठवडा या घराला वापरता येत नाही. पावसाळ्यात एखाद्या वर्षी ओढूनताणून गेलेच, तर स्टुडिओत दोन मोठी आणि दोन लहान माणसं बसतात. आजीबाईंसाठी दुसरी खोली किंवा जादा गादीचे पैसे. लाखभर रुपये गेले तरी फार नुकसान नाही, असं भाऊ म्हणत होते. स्वस्त म्हणून सुरक्षित, हा हिशेब मला मान्य नाही. जे वापरताच येत नाही त्याचा भाव कितीही कमी असो, ते सगळ्यात महाग पडतं.

स्वस्त योजनेत मला आणखी एक गोष्ट खटकली, आणि ती जास्त गंभीर होती. एजंटानं तोंडी सांगितलं होतं: रात्री नाही वापरल्या तर दहा वर्षांनी पैसे वाढवून परत. हे वाक्य आपल्या भागानं आधी ऐकलं आहे. पॅन कार्ड क्लब्स या कंपनीनं रूम नाइट्सच्या नावाखाली असेच पैसे घेतले. सेबीनं, म्हणजे शेअर बाजार आणि अशा गुंतवणूक योजनांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, फेब्रुवारी २०१६ च्या आदेशात ती नोंदणी नसलेली सामूहिक गुंतवणूक योजना ठरवून पैसे परत करायला सांगितलं. रक्कम सात हजार कोटींच्या वर होती आणि गुंतवणूकदार पन्नास लाखांहून अधिक, त्यांत मराठी मध्यमवर्ग मोठ्या संख्येनं. रॉयल ट्विंकल स्टार क्लबवरही सेबीनं २०१५ मध्ये अशीच कारवाई केली. मुक्कामाची योजना ‘न वापरल्यास वाढीव परतावा’ देऊ लागली की ती गुंतवणूक होते, आणि मग सेबीची नोंदणी कुठे आहे हे विचारायचं असतं. भाऊंनी एजंटाला विचारलं. त्यानं विषय बदलला.

टाय-अपची यादी ऐंशी हॉटेलांची होती. आमच्या ऑफिसातल्या मुलीनं त्यातल्या काही हॉटेलांना थेट फोन लावले: या कंपनीच्या मेंबरांना खोली देता का? काहींनी हो म्हटलं, काहींनी तो करार संपल्याचं सांगितलं. दहा मिनिटांचं काम आहे आणि प्रत्येकानं करावं असं आहे.

भारी फाइलचा हिशेब

हंगामाची अडचण क्षणभर बाजूला ठेवू आणि समजू की दिवाळीचा आठवडा मिळाला. मग ही योजना परवडते का?

साडेपाच लाखांना पंचवीसनं भागून ‘वर्षाला फक्त बावीस हजार’ असं सादरीकरणात दाखवलं होतं. हे भागाकार म्हणून बरोबर आणि हिशेब म्हणून चुकीचं आहे. तेच पैसे मुदत ठेवीत सात टक्क्यांनी ठेवले असते तर त्यातून पंचवीस वर्षं दर वर्षी साधारण ४७,२०० रुपये काढता आले असते. त्यात वार्षिक शुल्क २२,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २५,९६०. एकूण वर्षाला सुमारे ७३,१५० रुपये. सातही रात्री वापरल्या तर रात्रीला १०,४५० पडतात.

गोव्यात त्याच कंपनीच्या रिसॉर्टमध्ये तसंच अपार्टमेंट, मेंबर नसलेल्या पाहुण्याला, दिवाळीनंतरच्या आठवड्यात ९,५०० रुपये अधिक कर असं मिळत होतं. खोलीचं भाडं ७,५०० च्या वर गेलं की जीएसटी १८ टक्के. (त्याखालच्या खोल्यांवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला, वरच्यांचा आहे तोच राहिला.) म्हणजे ११,२१० रुपये. सातही रात्री गर्दीच्या हंगामात दर वर्षी वापरणाऱ्याला मेंबरशिप थोडी स्वस्त पडते, हे मी भाऊंना प्रामाणिकपणे सांगितलं. हॉटेलांचे दर वाढतील आणि आधी भरलेली रक्कम वाढणार नाही, हाही त्या बाजूचा मुद्दा आहे.

पण या घराला सात रात्री नाहीत. चार आहेत. ७३,१५० ला चारनं भागा: रात्रीला सुमारे १८,३०० रुपये. उरलेल्या रात्री पुढच्या वर्षी नेता येतात, पण पुढच्या वर्षीही खिडकी तेवढीच.

शुल्काची वाढ वेगळीच. करारात ‘महागाईनुसार वाढ’ एवढंच होतं, कमाल मर्यादा नव्हती. वर्षाला सहा टक्के धरले तर पंचविसाव्या वर्षी २२,००० चे ८९,००० होतात, जीएसटीसह एक लाख पाच हजार. तेव्हा भाऊ एकोणसत्तर वर्षांचे असतील आणि हा खर्च पेन्शनीतून भरायचा असेल. शुल्क थकलं की बुकिंग बंद होतं, व्याज चढतं. हप्त्यांची सोयही मी पाहिली: ५५,००० आधी भरून उरलेले १५ टक्के व्याजानं ४८ महिन्यांत. हप्ता १३,७७६ रुपये, नुसतं व्याज एक लाख सहासष्ट हजार. तो वहिनींच्या पगारातून जाणार होता, आणि त्या पगारावर मुलाच्या अकरावी-बारावीचा क्लास आहे.

जेवणाचं कुणी बोललंच नव्हतं. पाच माणसांचं रिसॉर्टमधलं दोन वेळचं जेवण रोज पाच-सहा हजारांच्या घरात जातं. त्यात दिवाळी चातुर्मासात येते आणि आजीबाई त्या चार महिन्यांत कांदा-लसूण-वांगं खात नाहीत. अपार्टमेंटमधल्या छोट्या स्वयंपाकघरात शेगडी वापरता येते की फक्त चहाची किटली, हा प्रश्न त्यांच्यासाठी तलावापेक्षा महत्त्वाचा होता. विचारल्यावर कळलं, काही रिसॉर्टमध्ये येते, काहींत नाही. आजीबाईंचं आपलं एकच होतं, “मी तठे जाईसनी काय करसू?” वहिनी म्हणाल्या, त्या नाही आल्या तर कुणीच येणार नाही.

प्रवासाचीही एक गाठ आहे. रिसॉर्टचं बुकिंग गर्दीच्या दिवसांसाठी कित्येक महिने आधी उघडतं आणि लगेच भरतं. रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधीच उघडतं. म्हणजे खोली आधी पक्की करायची आणि गाडीचं तिकीट मिळेल या भरवशावर राहायचं. खान्देशातून गोव्याला जाणाऱ्याचा मुख्य आधार भुसावळ-मनमाडवरून जाणारी गोवा एक्सप्रेस, केरळला मंगला एक्सप्रेस. दिवाळीत दोन्हींची वेटिंग यादी काय असते हे इथल्या माणसाला सांगायला नको. जाण्यायेण्यात एकेक दिवस जातो तो वेगळाच.

कायदा थोडक्यात

टाइमशेअरसाठी भारतात वेगळा कायदा नाही. युरोपीय संघात २००८ च्या निर्देशानं ग्राहकाला करारानंतर चौदा दिवसांत कारण न देता माघार घेता येते. आपल्याकडे तो अवधी कंपनी करारात देईल तेवढाच. भाऊंच्या भारी फाइलमध्ये दहा दिवस होते, स्वस्त फाइलमध्ये एकही नाही. दोन्हींत ‘वाद झाल्यास फक्त अमुक शहरातलं न्यायालय’ असं कलम होतं, त्याला घाबरून जायचं कारण नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे यांना जळगावात. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. राष्ट्रीय हेल्पलाइन १९१५. मात्र आयोगापुढे तोंडी आश्वासन सिद्ध करणं अवघड जातं. म्हणून प्रतिनिधी जे बोलला ते त्याच संध्याकाळी ई-मेलवर लिहून ‘हे बरोबर आहे ना?’ असं विचारायचं. भाऊंनी विचारलं तेव्हा सादरीकरणातल्या आश्वासनांपैकी निम्म्यांना लेखी दुजोरा मिळाला नाही.

काय ठरलं

माझं मत मी स्पष्ट दिलं: स्वस्त योजना कोणत्याही भावात नको. भारी योजना वाईट नाही, पण ती सात रात्री मोकळ्या असलेल्या आणि वरचा रंग परवडणाऱ्या घरासाठी आहे. पुण्या-मुंबईतलं नोकरदार जोडपं, ज्यांना शनिवार-रविवार जोडून वर्षातून तीनदा बाहेर पडता येतं, त्यांना मी कदाचित घ्या म्हणालो असतो.

निर्णय वहिनींचा. त्यांनी दोन्ही फाइली बाजूला ठेवल्या आणि त्याच गोव्याच्या रिसॉर्टमध्ये साधे पाहुणे म्हणून चार रात्रींचं बुकिंग केलं. खोलीचे ४४,८४० रुपये. २०२५ ची भाऊबीज २३ ऑक्टोबरला होती, दुसऱ्या दिवशी पाचही जण निघाले. शेगडी चालते का हे आधी लिहून घेतलं होतं, ती चालत होती. आजीबाई रोज सकाळी व्हरांड्यात बसून पोथी वाचत आणि भाकरी स्वतः करत. मुलं पाण्यातून निघेनात. भाऊंचा फोन मात्र बागेत कांदेबाग लावणाऱ्यांना दिवसातून चारदा जात होता.

तिथे त्यांनी मेंबर असलेल्या कुटुंबांशी मुद्दाम गप्पा मारल्या. ज्यांना ते दिवस मिळाले होते त्या सगळ्यांनी बुकिंग उघडलं त्याच दिवशी अर्ज टाकला होता, आणि बहुतेक जण सर्वात वरच्या रंगाचे होते. नाशिकच्या एका कुटुंबानं सलग दोन दिवाळ्या नकार मिळाल्यावर तिसऱ्यांदा जागा मिळाल्याचं सांगितलं. तरी ते मेंबरशिपवर समाधानी होते, कारण फेब्रुवारी-ऑगस्टमध्येही त्यांना जाता येतं.

परत आल्यावर भाऊंच्या मनात मेंबरशिप पुन्हा घोळू लागली, जागा खरोखर आवडली होती. यावेळी मी त्यांना तिसरा रस्ता दाखवला. जुने मेंबर आपला उरलेला हक्क विकतात, आणि नव्याच्या मानानं फारच कमी किमतीला, कारण या हक्काला पुनर्विक्रीचा बाजार जवळपास नाही. नवी घेणाऱ्यानं हे आधीच लक्षात घ्यावं: सही केली की साडेपाच लाखांची वस्तू बाजारात त्याच दिवशी कितीतरी खाली येते. जळगावातल्याच एका निवृत्त गृहस्थांची त्याच कंपनीची, पण वरच्या रंगाची, चौदा वर्षं उरलेली मेंबरशिप १,६०,००० ला मिळत होती, हस्तांतर शुल्क २५,००० वेगळं. वार्षिक शुल्क तेच. त्याच पद्धतीनं हिशेब केला तर वर्षाला सुमारे ४७,१०० रुपये येतात: सात रात्री वापरल्या तर रात्रीला ६,७००, चारच वापरल्या तर ११,८००. म्हणजे चार रात्रींना साध्या पाहुण्याच्या भावाच्या थोडं वर, आणि पाचवी रात्र वापरली की खाली.

यात दोन गोष्टी पक्क्या करायच्या आहेत. हस्तांतरानंतर वरचा रंग तसाच राहतो की नव्या माणसाला खाली उतरवतात, आणि मागचं थकलेलं शुल्क कुणाच्या माथी. दोन्ही प्रश्न कंपनीला ई-मेलनं विचारले आहेत. पहिल्याचं उत्तर आलं, रंग तसाच राहतो. दुसऱ्यावर कंपनीनं थकबाकी नसल्याचा दाखला मूळ मेंबरकडून मागवायला सांगितलं आहे. तो हातात येईपर्यंत भाऊंनी इसारही द्यायचा नाही, असं आमचं ठरलं आहे. दर महिन्याला चार हजारांचं आवर्ती खातं वहिनींनी उघडलं आहे. सौदा झाला तर त्यातून शुल्क भरायचं, नाही झाला तर पुढच्या भाऊबीजेनंतरचं भाडं.